शिफारशीचं पत्र

2019 च्या जून महिन्यात ग्वाल्हेरच्या जिल्हाधिकाऱ्यांनी एक अट जाहीर केली. बंदुकीचा परवाना हवा असेल तर आधी दहा झाडं लावायची आणि त्या रोपांसोबतचा स्वतःचा फोटो अर्जाला जोडायचा. डिसेंबरात थंडी वाढली तशी अट बदलली आणि गोशाळेला दहा घोंगड्या देण्याचं फर्मान निघालं. शेजारच्या शिवपुरीत 2008 साली याच्याही पुढची टूम निघाली होती. जो नसबंदी करून घेईल त्याला परवान्यात प्राधान्य! ती बातमी परदेशी वर्तमानपत्रांनीही चवीनं छापली.

बातमी वाचून हसू येतं, पण अधिकाऱ्यांचा हिशेब चुकलेला नव्हता. ज्या वस्तूसाठी माणसं काहीही करायला तयार असतात तिलाच सरकारी योजना बांधायची, एवढाच तो हिशेब. ग्वाल्हेर-चंबळ भागात अशी वस्तू म्हणजे शस्त्रपरवाना. नोकरी किंवा घरकुल यांच्या बरोबरीनं, क्वचित त्यांच्याही आधी, लोक परवाना मागतात. आणि मागायला जातात ते लोकप्रतिनिधीकडे. आमदार-खासदारांचं काम समजून घ्यायचं असेल तर ग्वाल्हेरइतकं चांगलं ठिकाण शोधून सापडणार नाही.

अमेरिकेत एक पद्धत आहे. तिथले लोकप्रतिनिधी आपल्या मतदारांना ठरावीक काळानं पत्र लिहितात. या सत्रात मी कोणत्या विधेयकावर काय मत दिलं, शाळांसाठी किती निधी आणला, रस्त्याचं काम कुठवर आलं, आणि बंदुकीच्या हिंसाचाराबद्दल काय केलं, हे सगळं त्यात असतं. मे 2022 मध्ये टेक्सासमधल्या युव्हाल्डी गावातल्या शाळेत 19 मुलं आणि 2 शिक्षिका मारल्या गेल्या. महिनाभरात, जूनमध्ये, तिथल्या संसदेनं जवळजवळ तीस वर्षांतला पहिला मोठा बंदूक-नियंत्रण कायदा केला. त्यानंतरच्या पत्रांत या कायद्याबद्दल चार ओळी येणं साहजिकच होतं. बाजूनं मत दिलेलं असो की विरोधात, हिशेब देणं भाग होतं.

ग्वाल्हेरात टपाल उलट दिशेनं वाहतं. इथे मतदार लोकप्रतिनिधीकडे येतो आणि बंदुकीसाठी पत्र मागतो. सकाळी नऊच्या सुमारास कुठल्याही आमदाराच्या बंगल्यावर गेलात तर बाहेरच्या बाकांवर प्लास्टिकच्या फायली घेऊन बसलेली माणसं दिसतील. कुणाला बदली हवी असते, कुणाला रुग्णालयात खाट, कुणाच्या गल्लीत तिघरा धरणाचं पाणी पोहोचत नसतं. त्यांच्यातच चार-दोन जणांच्या फायलीत परवान्याचा अर्ज असतो. ‘भाईसाहब, बस एक चिट्ठी,’ एवढंच मागणं. स्वीय सहायकाकडे मजकूर तयारच असतो: अर्जदार माझ्या परिचयाचे असून प्रतिष्ठित कुटुंबातले आहेत, त्यांच्या जिवाला धोका आहे, तरी विचार व्हावा. खाली सही आणि शिक्का. पत्र नाकारलं तर एक घर दुखावतं, आणि घर म्हणजे इथे पंचवीस-तीस मतं. दिलं तर खिशातलं काही जात नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. 1959 चा शस्त्र अधिनियम आणि 2016 चे शस्त्र नियम चाळले तर आमदाराच्या पत्राचा उल्लेख कुठेही सापडत नाही. कलम 13 नुसार अर्ज आला की परवाना देणाऱ्या अधिकाऱ्यानं, म्हणजे बहुतेक ठिकाणी जिल्हाधिकाऱ्यानं आणि आयुक्तालय असेल तिथे पोलीस आयुक्तानं, जवळच्या ठाण्याचा अहवाल मागवायचा. मग लागेल ती चौकशी करून लेखी हुकमानं परवाना द्यायचा किंवा नाकारायचा. नाकारण्याची कारणं कलम 14 मध्ये आहेत: अर्जदार मनोरुग्ण असणं, कायद्यानं अपात्र असणं, सार्वजनिक शांततेला धोका असणं. याच कलमात एक लोकशाहीवादी ओळही आहे. केवळ पुरेशी मालमत्ता नाही म्हणून कुणाला परवाना नाकारता येत नाही. स्वसंरक्षणासाठी साधी बारा बोर किंवा पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्याबाबत तर कायद्याचा कल देण्याकडेच आहे. कोकणात रानडुकरांपासून भात वाचवायला शेतकऱ्यांकडे ठासणीच्या बंदुका दिसतात त्या याच वाटेनं आलेल्या.

म्हणजे पत्राला कायद्यात स्थान नाही, पण फायलीत आहे. अहवाल लिहिणारा फौजदार आणि सही करणारा अधिकारी, दोघांनाही ते पत्र दिसतं. ते दिसावं म्हणूनच तर ते जोडलेलं असतं.

या भागाला बंदूक एवढी का हवी, याचं ठरलेलं उत्तर म्हणजे चंबळचे डाकू. उत्तर खोटं नाही, फक्त जुनं झालंय. चंबळच्या घळींत, ज्यांना तिथे बीहड म्हणतात, टोळ्या होत्या आणि त्या स्वतःला बागी म्हणवून घेत. 1960 साली विनोबा पदयात्रा करत तिथे पोहोचले आणि वीसएक बागींनी त्यांच्यापुढे शस्त्रं ठेवली. 1972 च्या एप्रिलमध्ये मुरैना जिल्ह्यातल्या जौऱ्याला, गांधीवादी कार्यकर्ते सुब्बाराव यांच्या गांधी आश्रमाच्या परिसरात, मोहरसिंग आणि माधोसिंग यांच्यासारख्या नामांकित टोळीप्रमुखांनी जयप्रकाशांसमोर आत्मसमर्पण केलं. 12 फेब्रुवारी 1983 ला भिंडमध्ये फूलनदेवीनं मुख्यमंत्री अर्जुनसिंग यांच्यासमोर आपली रायफल खाली ठेवली. पुढे ती मिर्झापूरहून खासदार झाली. 25 जुलै 2001 ला दिल्लीतल्या तिच्या सरकारी निवासस्थानाच्या दारात गोळ्या घालून तिचा खून झाला. लोकप्रतिनिधी आणि बंदूक यांचं नातं इतकं थेट दुसऱ्या कुणाच्या चरित्रात क्वचितच आलं असेल.

टोळ्या संपल्या, बंदुकीची मागणी मात्र वाढतच राहिली. एक कारण दिमाख, हे उघड आहे. खांद्याला दुनळी लटकावून मोटरसायकलवरून जाणारा माणूस या भागात आजही नजरेत भरतो. दुसऱ्या कारणाकडे मात्र बाहेरच्यांचं लक्ष जात नाही, ते म्हणजे पोट. मुंबई, अहमदाबाद, दिल्लीत बँकांच्या आणि सराफी पेढ्यांच्या दारांत बारा बोर घेऊन उभे असलेले रखवालदार पाहा. त्यांतले कितीतरी भिंड-मुरैनाचे असतात, आणि बंदूक त्यांची स्वतःची असते. नुसत्या रखवालदाराला जो पगार मिळतो त्याहून परवान्यासह बंदूक असलेल्या ‘गनमॅन’ला जास्त मिळतो. दोन एकर कोरडवाहू जमीन असलेल्या घरातल्या धाकट्या मुलाला परवाना म्हणजे आयटीआयच्या प्रमाणपत्रासारखा वाटतो. आमदाराकडे चिठ्ठी मागणाऱ्याला सरसकट मस्तवाल ठरवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

आकडे बघितले की चित्र स्पष्ट होतं. केंद्रीय गृहमंत्रालयाच्या 2016 अखेरच्या हिशेबात देशभरात सुमारे 33 लाख 69 हजार शस्त्रपरवाने होते. त्यांत उत्तर प्रदेशचे 12 लाख 77 हजार, मध्य प्रदेशचे सुमारे 2 लाख 47 हजार आणि महाराष्ट्राचे साधारण 84 हजार. महाराष्ट्राची लोकसंख्या मध्य प्रदेशच्या दीडपट आहे हे लक्षात घेतलं तर माणशी हिशेबानं तिकडे परवाने साडेचार पट भरतात. आणि मध्य प्रदेशातही ते सारखे वाटलेले नाहीत. माळव्यात एखाद्या गावात शोधावी लागेल ती चीज चंबळकाठी घरोघर मिळते.

ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला शस्त्रांचं अप्रूप नवं नाही. शहराच्या ज्या भागात मराठी वस्ती रुजली त्याचं नावच लष्कर. दौलतराव शिंद्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला किल्ल्याखाली तळ ठोकला आणि तळाचं शहर झालं. दसऱ्याला शिंदे घराणं मांढरे मातेच्या देवळापाशी शमीपूजन करतं आणि जुन्या सरदारांच्या वाड्यांत तलवारी पुसून पाटावर मांडल्या जातात. पण ग्वाल्हेर, मराठी माणूस आणि शस्त्र हे तीन शब्द एकत्र आले की इतिहासाला आठवण होते ती वेगळ्याच वस्तूची. ती म्हणजे एक इटालियन बनावटीचं बेरेटा पिस्तूल, क्रमांक 606824.

20 जानेवारी 1948 ला दिल्लीत बिर्ला भवनाच्या आवारात गांधीजींच्या प्रार्थनासभेजवळ स्फोट झाला आणि त्यांच्या हत्येचा कट फसला. कटवाल्यांपाशी भरवशाचं हत्यार नव्हतं. सरकार पक्षाच्या म्हणण्यानुसार नथुराम गोडसे आणि नारायण आपटे 27 जानेवारीच्या रात्री ग्वाल्हेरला आले, हिंदू महासभेचे तिथले पुढारी डॉ. दत्तात्रय परचुरे यांच्याकडे उतरले, 28 तारखेला गंगाधर दंडवते यांच्यामार्फत हे पिस्तूल मिळवलं आणि दिल्लीला परतले. 30 तारखेला काय घडलं ते सांगायला नको. गोडसेनं न्यायालयात वेगळं सांगितलं. पिस्तूल दिल्लीतल्या निर्वासितांच्या छावणीतून घेतलं, असं त्याचं म्हणणं होतं. विशेष न्यायालयानं फेब्रुवारी 1949 मध्ये परचुऱ्यांना दोषी धरलं. पंजाब उच्च न्यायालयानं त्याच वर्षीच्या जूनमध्ये त्यांना निर्दोष सोडलं. दंडवते यांच्यासह ग्वाल्हेरचे तीन जण फरारी आरोपी म्हणून कागदोपत्री राहिले.

खटल्याच्या तपशिलात फार शिरायचं कारण नाही. आपल्या विषयाच्या दृष्टीनं महत्त्वाची गोष्ट दुसरी आहे. 1878 चा इंग्रजांचा शस्त्र कायदा ब्रिटिश हिंदुस्थानासाठी होता आणि ग्वाल्हेर हे संस्थान होतं. मध्य भारत संघात ते विलीन झालं मे 1948 मध्ये, म्हणजे गांधीहत्येनंतर चार महिन्यांनी. मुंबई किंवा पुण्यात पिस्तूल मिळवणं म्हणजे कायद्याशी थेट गाठ होती, संस्थानी हद्दीत तसं नव्हतं. हद्द ओलांडली की कायदा सैल होतो आणि तिथे बाजार भरतो, हा प्रकार तेव्हाही होता आणि, पुढे दिसेलच, आजही आहे.

त्याच 1948 च्या डिसेंबरात संविधान सभेत एक दुरुस्ती आली. हरी विष्णू कामत यांची सूचना होती की नागरिकांच्या स्वातंत्र्यांच्या यादीत शस्त्र बाळगण्याचं स्वातंत्र्यही घालावं. सूचना आकाशातून पडलेली नव्हती. काँग्रेसच्या 1931 च्या कराची ठरावात हा हक्क होताच. इंग्रजांनी 1857 नंतर देश निःशस्त्र केला ही सल त्या पिढीच्या मनात खोल होती आणि गांधीजींनीही शस्त्र कायद्यावर कडक टीका केली होती. बाबासाहेबांनी दुरुस्ती स्वीकारली नाही. हा हक्क मूलभूत केला तर तो चोर-दरोडेखोरांनाही नाकारता येणार नाही, असा त्यांच्या उत्तराचा रोख होता. दुरुस्ती फेटाळली गेली. अमेरिकेनं जे घटनेत लिहून ठेवलं ते आपण घटनेबाहेर ठेवलं. 2023 साली सर्वोच्च न्यायालयानं विनापरवाना शस्त्रांच्या प्रकरणात हाच फरक पुन्हा बोलून दाखवला. आपल्याकडे बंदूक हा हक्क नाही, ती सरकारनं दिलेली परवानगी आहे. परवानगी म्हटली की देणारा आला, देणाऱ्यावर वजन टाकणारा आला. संविधान सभेनं एक धोका टाळला आणि नकळत शिफारशीच्या पत्राची सोय करून ठेवली, असं मला वाटतं. तरीही बाबासाहेबांचा निर्णय बरोबर होता याबद्दल शंका नको. पत्राची दुरुस्ती करता येते, मूलभूत हक्काची करताना अमेरिकेची काय दमछाक होते ते आपण पाहतोच आहोत.

लोकप्रतिनिधीचं खरं काम कायदा करण्याचं. बंदुकीच्या बाबतीत ते त्यांनी अलीकडे केलं 2019 च्या डिसेंबरात. शस्त्र कायद्याची दुरुस्ती 9 तारखेला लोकसभेत आणि 10 तारखेला राज्यसभेत मंजूर झाली. ग्वाल्हेरचे खासदार तेव्हा विवेक शेजवलकर होते. त्यांचे वडील नारायण कृष्ण शेजवलकर हेही 1977 आणि 1980 साली तिथूनच निवडून आले होते. शिंद्यांच्या शहरात शिंदे नसलेल्या मराठी घरातून दोन पिढ्या खासदार होणं ही लहान गोष्ट नव्हे.

या दुरुस्तीची एक गंमत आहे. आधीच्या कायद्यात माणशी तीन बंदुका ठेवता येत. मूळ विधेयकात ही संख्या एकवर आणायचं घाटत होतं. त्याबरोबर पंजाब, राजस्थान अशा राज्यांतून आवाज उठला. वडिलोपार्जित बंदुकांचं काय, शेतावर एकट्या राहणाऱ्यांचं काय? पंजाबचे मुख्यमंत्री अमरिंदरसिंग यांनी उघड विरोध केला. शेवटी एकच्या दोन झाल्या. ज्यांच्याकडे तिसरी होती त्यांना ती जमा करायला वर्षाची मुदत मिळाली. परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षांची झाली, म्हणजे नूतनीकरणाच्या निमित्तानं माणसाची पुन्हा पडताळणी होण्याची वेळ लांबली. एकीकडे घट्ट, दुसरीकडे सैल. आपली बहुतेक विधेयकं आवाजी मतदानानं मंजूर होतात, त्यामुळे कोण ‘हो’ म्हणालं आणि कोण गप्प बसलं याची नावानिशी नोंद राहत नाही. अमेरिकन मतदाराला पत्रात जे वाचायला मिळतं ते आपल्या मतदाराला हवं असलं तरी मिळणं कठीण.

याच दुरुस्तीत ग्वाल्हेरच्या दृष्टीनं सर्वांत महत्त्वाचं कलम आलं: कलम 25, पोटकलम 9. निष्काळजीपणानं किंवा आनंदाच्या भरात बंदूक उडवून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. उत्तरेत याला ‘हर्ष फायरिंग’ म्हणतात. लग्नात वरात दाराशी आली की, बारशाला, निवडणूक जिंकली की, हवेत गोळ्या झाडायच्या.

‘हवेत’ या शब्दानं माणूस निर्धास्त होतो, तेव्हा थोडं भौतिकशास्त्र पाहू. .315 बोरच्या रायफलीतून गोळी सेकंदाला सहाशे मीटरहून जास्त वेगानं सुटते. अगदी सरळ वर झाडली तर ती वर जाऊन थांबते आणि परत पडताना हवेच्या रोधामुळे तिचा वेग मर्यादित राहतो, साधारण सेकंदाला नव्वद मीटरच्या आसपास. माणसाची कातडी भेदायला साठेक मीटरचा वेग पुरतो. म्हणजे परत येणारी गोळीही डोक्यात शिरू शकते. पण लग्नातले बहुतेक बळी अशा परतीच्या गोळीचे नसतातच. दारू प्यायलेला पाहुणा बंदूक सरळ वर धरत नाही, तिरपी धरतो. तिरपी गेलेली गोळी आपला वेग फारसा गमावत नाही आणि समोरच्या गच्चीवर वरात बघायला उभ्या असलेल्यांना लागते. नाहीतर काडतूस अडकतं, ते सोडवताना नळी खाली येते आणि चाप ओढला जातो. मांडवात बारा बोर उडवली तर छर्रे छताला आपटून फाकतात.

हे शेवटचं प्रत्यक्ष एका खटल्यात घडलेलं आहे. उत्तराखंडातल्या एका लग्नात 2007 साली यजमानानं छताच्या दिशेनं बार काढला, छर्रे पाहुण्यांना लागले आणि माणसं मेली. खटला सर्वोच्च न्यायालयात पोहोचला आणि मार्च 2020 मध्ये त्याचा निकाल लागला. खंडपीठावर सरन्यायाधीश शरद बोबडे, न्या. भूषण गवई आणि न्या. सूर्यकांत होते, म्हणजे तिघांतले दोघे विदर्भातले. स्वसंरक्षणासाठी मिळालेली बंदूक समारंभात उडवण्यासाठी नाही, हे त्यांनी स्पष्ट केलं. खुनाचं कलम उतरून सदोष मनुष्यवधाचं लागलं, पण मारायचा हेतू नव्हता म्हणून आरोपी सुटला नाही. गर्दीच्या जागी भरलेली बंदूक चालवणाऱ्याला परिणामांची जाणीव होती असंच धरलं पाहिजे, हा त्या निकालाचा गाभा.

कायदा झाला, निकाल झाला. पण ग्वाल्हेरात वरातीतली बंदूक थांबवायला जाणार कोण? हवालदार मांडवात शिरतो तेव्हा व्यासपीठावर वधूवरांना आशीर्वाद द्यायला आलेला नेता बसलेला असतो. गोळी उडाली तेव्हा तो टाळ्या वाजवत होता की उठून गेला, यावर त्या कलमाचं भवितव्य ठरतं. नेत्यानं उठून जाणं हे विधेयकावरच्या भाषणापेक्षा अवघड काम आहे, हे मान्य करायला हवं.

परवान्याच्या बंदुकीबद्दल एवढं बोलल्यावर कुणी म्हणेल, खरे गुन्हे तर बेकायदा हत्यारांनी होतात. खरंच आहे. देशात बंदुकीनं होणाऱ्या खुनांतले बहुतांश विनापरवाना शस्त्रांनी होतात. पण परवान्याची बंदूक आणि गावठी कट्टा यांच्यामध्ये भिंत नाही, दार आहे, आणि त्याचं नाव काडतूस. कट्टा कुठल्याही भट्टीवर पाइपापासून करता येतो. काडतूस तसं घरी होत नाही, निदान भरवशाचं होत नाही. म्हणून कट्टे बनतात ते .315 आणि 12 बोरचे, कारण त्याच मापाची काडतुसं परवानाधारकांना दुकानात मिळतात. परवान्यावर वर्षाला किती काडतुसं घ्यायची त्याची मर्यादा लिहिलेली असते. ती संपली कुठे हे काटेकोरपणे विचारलं जात नाही. ‘लग्नात उडवली’ हे उत्तर पूर्वी चालून जायचं. आता ते गुन्ह्याची कबुली ठरतं, ही 2019 च्या दुरुस्तीची फारशी कुणाच्या ध्यानात न आलेली बाजू.

हा माल महाराष्ट्रातही येतो, पण चंबळहून नव्हे. पुणे-जळगावच्या पोलिसांच्या तोंडी असलेली नावं मध्य प्रदेशाच्या दुसऱ्या टोकाची आहेत: बडवानी जिल्ह्यातलं उमर्टी, बऱ्हाणपूर जिल्ह्यातलं पाचोरी. उमर्टी जळगावच्या चोपडा तालुक्याला अगदी लागून आहे. एकेकाळी तलवारींना पाणी देणारे कारागीर संस्थानं गेल्यावर बेकार झाले आणि त्यांच्यातल्या काहींच्या भट्ट्यांवर पिस्तुलं घडू लागली. राज्याची हद्द ओलांडली की एका बाजूच्या पोलिसांचा हात आखडतो. 1948 मधला संस्थानी हद्दीचा प्रकार इथे राज्यांच्या सीमेवर दिसतो.

आणि आपण ग्वाल्हेरकडे बोट दाखवावं इतकेही स्वच्छ नाही. 2024 च्या डिसेंबरात बीड जिल्ह्यात मस्साजोगच्या सरपंचांचा खून झाला आणि त्यानंतर जिल्ह्यात बाराशेहून जास्त शस्त्रपरवाने असल्याचं बाहेर आलं. इतके परवाने कुणाच्या शब्दावर दिले गेले, हा प्रश्न तेव्हा विचारला गेला. त्याच वर्षी फेब्रुवारीत उल्हासनगरात चक्क पोलीस ठाण्यात गोळ्या झाडल्याच्या आरोपावरून तेव्हाच्या एका आमदारांना अटक झाली. ते प्रकरण न्यायालयात आहे. 2025 मध्ये पुण्यातल्या एका अर्जदाराला पोलिसांनी नाकारलेला परवाना अपिलात मंत्रिस्तरावर मान्य झाल्यावरून गदारोळ झाला. कायद्याच्या कलम 18 मध्ये अपिलाची तरतूद आहे आणि अशा प्रकरणांत ते अपील शेवटी निवडून आलेल्या माणसाच्या टेबलावर जातं. बिनकायद्याची चिठ्ठी ग्वाल्हेरची आणि कायद्यातलं अपील मुंबईचं; अर्जदाराला दोन्ही सारखेच.

आपल्याकडे आमदार-खासदार कार्यअहवाल काढतात. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर हात जोडलेला फोटो, आत रस्ते, सभामंडप, हातपंप, रुग्णांना मिळवून दिलेली मदत. ग्वाल्हेरच्या एखाद्या अहवालात तिघऱ्याचं पाणी, चंबळचं पाणी शहरात आणायची योजना, उन्नत मार्ग, 2024 च्या मार्चमध्ये उघडलेली विमानतळाची नवी इमारत अशा गोष्टी असतात आणि त्या असायलाच हव्यात. बंदुकीवर पान असलेला अहवाल मात्र माझ्या पाहण्यात नाही. किती जणांना शिफारस दिली, त्यांतल्या किती परवान्यांवर पुढे गुन्हा नोंदला गेला, किती निलंबित झाले, हे तीन आकडे कुणी छापलेले नाहीत. खरं तर ते काढायला मोठं संशोधन लागत नाही. शिफारशींची जावक नोंद स्वीय सहायकाच्या वहीत असते, आणि परवान्यांना आता राष्ट्रीय नोंदणीत एकेक ओळख क्रमांक दिलेला आहे.

2 एप्रिल 2018 च्या भारत बंदमध्ये ग्वाल्हेर, भिंड आणि मुरैनात गोळ्या चालल्या, माणसं दगावली. रस्त्यावर उभं राहून पिस्तूल रोखणाऱ्या माणसाचं चित्रण देशभर दाखवलं गेलं. त्या दिवसानंतर तरी या भागातल्या सर्वपक्षीय लोकप्रतिनिधींनी एकत्र बसून शिफारशी थांबवल्या असत्या तर बरं झालं असतं. तसं झालं नाही. उलट सव्वा वर्षाच्या आतच जिल्हाधिकाऱ्यांना झाडांची अट घालण्याइतके अर्ज पुढ्यात होते.

या भागातल्या बंदुका खरोखर घराबाहेर जातात ते निवडणुकीत. आचारसंहिता लागली की निवडणूक आयोगाच्या सूचनांनुसार जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक परवाने तपासतात आणि शस्त्रं ठाण्यात जमा करायला सांगतात. ग्वाल्हेर-चंबळसारख्या भागात हे सरसकट होतं. माणसं कापडी खोळीत बंदूक घालून रांगेत उभी राहतात, मुन्शी नंबर उतरवून घेतो, पावती देतो आणि खोळीला चिठ्ठी बांधून ती कोठडीत उभी करतो. निकालानंतर आठवडा उलटला की पावती दाखवून परत न्यायची.

2023-24 चं उदाहरण घ्या. मध्य प्रदेश विधानसभेची आचारसंहिता 9 ऑक्टोबर 2023 ला लागली आणि मतमोजणी 3 डिसेंबरला झाली. लगेच 16 मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली. ग्वाल्हेरला 7 मे रोजी मतदान आणि 4 जूनला मोजणी. दोन्ही वेळचा नंतरचा आठवडा धरला तर आठ महिन्यांतले पाच महिने या बंदुका ठाण्यात होत्या, आणि त्यात देवउठनी एकादशीनंतरची आणि एप्रिलमधली लग्नसराईही आली. या पाच महिन्यांत वरातींतल्या गोळीबाराचे गुन्हे किती नोंदले गेले आणि आदल्या वर्षी त्याच काळात किती, हे प्रत्येक ठाण्याच्या दप्तरात लिहिलेलं आहे. विधानसभेतला कुठलाही आमदार एक तारांकित प्रश्न टाकून ती माहिती सभागृहात मागू शकतो.